आमलकी : रासायनिक घटक, अँटिऑक्सिडंट क्रिया आणि भावना संस्काराचे महत्त्व

काही वर्षांपूर्वी आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक गृहस्थ जुना कास घेऊन आले. तंबाखू व विडीचे व्यसन पंचवीस वर्षांचे होते. व्यसन सोडण्याचा विषय काढताच ते म्हणाले, "वैद्यराज, मी रोज आवळ्याचा रस घेतो. त्यात अँटिऑक्सिडंट असतात, ते धुराचे विष मारून टाकतात." हे वाक्य त्यांनी कोठे वाचले, हे आम्ही विचारले नाही, कारण अशी वाक्ये आपल्याच काही औषधांच्या माहितीपत्रकांतून आढळतात. आमलकीत नेमके काय आहे, तिची अँटिऑक्सिडंट क्रिया म्हणजे काय आणि त्यावरून रुग्णाला काय सांगावे व काय सांगू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शास्त्रोक्त भूमिका

आमलकी लवणवर्जित पंचरसात्मक, अम्लप्रधान, शीतवीर्य व मधुरविपाकी आहे, हे वाचकांस विदित आहेच. चरकाचार्यांनी अग्र्य द्रव्यांच्या गणनेत वयःस्थापन द्रव्यांमध्ये तिला श्रेष्ठत्व दिले आहे. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात, म्हणजे रसायनाध्यायात, हरीतकीच्या जोडीने तिचे वर्णन येते. दोहोंचे गुणकर्म बहुतांशी समान असून भेद वीर्याचा, हेही तेथेच स्पष्ट केले आहे.

या वर्णनात आजच्या चर्चेच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे काल. केवलामलक रसायनासाठी पौष, माघ अथवा फाल्गुन हे मास सांगितले आहेत. आपल्याकडे कार्तिकातील आवळी भोजनापासूनच बाजारात आवळे दिसू लागतात. ग्रंथकारांना मात्र झाडावर पूर्ण पक्व झालेले फळ अभिप्रेत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे संस्कार. आमलकचूर्ण रसायनात आमलकी चूर्णास सहस्र आमलकांच्या स्वरसात एकवीस रात्री भावित करून मध, घृत, पिप्पली व शर्करेसह घृतभाजनात ठेवावयास सांगितले आहे. या दुसऱ्या मुद्द्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

रासायनिक घटक

आमलकीच्या फळात ॲस्कॉर्बिक आम्ल म्हणजेच जीवनसत्त्व क, गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल, कोरिलॅजिन, जलविघटनशील टॅनिने, फ्लॅव्होनॉइडे व पेक्टिन हे घटक प्रामुख्याने आढळतात. यातील जीवनसत्त्व क विषयी बराच काळ वाद होता. जुन्या भारतीय आहारमूल्य तक्त्यांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व दिले जात असे. २०१७ च्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत हा आकडा सुमारे २५० मिलिग्रॅम आहे. फळाची जात, पक्वता आणि मोजण्याची पद्धत यांनुसार असे अंतर पडू शकते. रंजकद्रव्याच्या साहाय्याने केलेल्या जुन्या अनुमापन पद्धतीत ॲस्कॉर्बिक आम्लाखेरीज अन्य क्षपणकारी घटकही मोजले जाण्याचा संभव असतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९९६ मध्ये घोषाल व सहकाऱ्यांनी एम्ब्लिकॅनिन 'अ' व 'ब' या दोन टॅनिनांचे वर्णन केले. त्यानंतर आवळ्याचे गुण जीवनसत्त्वामुळे नसून या टॅनिनांमुळेच आहेत, असा मतप्रवाह रूढ झाला. २००१ मध्ये जपानी संशोधकांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात फळाच्या रसातून म्युसिक आम्लाची गॅलेट संयुगे विलग करण्यात आली. २००९ च्या एका पुनर्परीक्षणात ॲस्कॉर्बिक आम्लासोबत हीच संयुगे व बीटा-ग्लुकोगॅलिन यांवर भर देण्यात आला. तात्पर्य, आमलकी म्हणजे एकटे जीवनसत्त्व नव्हे आणि एकटे टॅनिनही नव्हे. अम्ल रसाबरोबर कषाय रस ज्यांनी जिभेवर अनुभवला आहे, त्यांना हे सांगण्यास प्रयोगशाळा लागत नाही.

अँटिऑक्सिडंट क्रिया कशी मोजतात?

सर्वाधिक प्रचलित परीक्षा डीपीपीएच या द्रव्याची आहे. हा एक स्थिर मुक्तमूलक असून मिथेनॉलमध्ये त्याचा रंग गडद जांभळा असतो. आमलकीच्या अर्कातील घटकांनी त्याला हायड्रोजन दिला की रंग उतरून पिवळसर होतो. ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर हा उतार मोजला जातो. आमलकीचा अर्क या परीक्षेत अत्यंत प्रभावी ठरतो.

क्रियेचा दुसरा प्रकार धातुबंधनाचा आहे. मुक्त लोह शरीरात तीव्र मुक्तमूलकांच्या निर्मितीस साहाय्य करते. आवळ्यातील गॅलिक वर्गाची संयुगे लोहाशी बद्ध होतात. लोखंडी विळीवर चिरलेला आवळा काळा पडतो, किंवा केसांना लावण्यासाठी लोखंडी कढईत भिजविलेले आवळा चूर्ण रात्रीतून काळेभोर होते, ते याच बंधनामुळे.

परंतु प्रयोगनळीतील रंग उतरणे आणि रुग्णाच्या धातूंवर परिणाम होणे यांत मोठे अंतर आहे. मोठ्या रेणूंची टॅनिने जशीच्या तशी फारशी शोषली जात नाहीत. आतड्यातील जंतू एलॅजिटॅनिनांचे युरोलिथिन या लहान संयुगांत रूपांतर करतात आणि हे रूपांतर प्रत्येक व्यक्तीत सारखे होत नाही. कोष्ठ व अग्नी यांच्या परीक्षेशिवाय रसायन देऊ नये, या आपल्या आग्रहाशी हे निरीक्षण विसंगत नाही. तथापि दोन्ही एकच आहेत असे म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही.

अमेरिकेच्या कृषी विभागाने अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली सूची २०१२ मध्ये मागे घेतली. प्रयोगनळीतील आकड्यांवरून शरीरातील परिणाम सांगता येत नाही आणि उत्पादनांच्या जाहिरातींत या आकड्यांचा दुरुपयोग होतो, ही त्यामागील कारणे होती. त्याहून गंभीर उदाहरण फिनलंडमधील आहे. तेथे २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन हा अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी न होता सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळले. बीटा-कॅरोटीन व आमलकी यांची तुलना करणे योग्य नाही. मात्र 'अँटिऑक्सिडंट आहे, म्हणून धुरापासून रक्षण होईल' हे अनुमान किती धोक्याचे आहे, हे यावरून कळते.

भावनेचे महत्त्व

आता संस्काराकडे वळू. २००६ मध्ये इटलीतील संशोधकांनी आमलकी फळ आणि स्वरसभावित आमलकी यांची तुलना केली. फळाच्या नमुन्यात ॲस्कॉर्बिक आम्ल ०.४० टक्के, तर भावित कल्पात १.२८ टक्के आढळले. अँटिऑक्सिडंट क्रियाही भावित कल्पात अधिक होती आणि या क्रियेतील सुमारे ४५ ते ७० टक्के वाटा जीवनसत्त्व क चा होता.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक भावनेत स्वरसातील जलांश निघून जातो व विद्राव्य घटक चूर्णात राहतात. ३ ते ६ ग्रॅम चूर्णाच्या दैनिक मात्रेतून ०.४० टक्के प्रमाणाने १२ ते २४ मिलिग्रॅम, तर १.२८ टक्के प्रमाणाने ३८ ते ७७ मिलिग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल मिळेल. प्रौढ पुरुषाची २०२० मध्ये निश्चित केलेली दैनिक शिफारस ८० मिलिग्रॅम आहे. 'आमलकी चूर्ण' असे एकच नाव लिहिलेल्या दोन डब्यांत तिपटीचे अंतर असू शकते, हे चिकित्सकाने विसरू नये.

स्वतः कल्प तयार करणाऱ्या वैद्यांसाठी आमच्या अनुभवातील काही सूचना अशा :

१. पौष-माघातील पक्व, डागविरहित फळे घ्यावीत. बी काढून पातळ फोडी सावलीत सुकवाव्यात.

२. भावनेसाठी स्वरस त्या त्या दिवशी ताजा काढावा. साठविलेल्या रसातील ॲस्कॉर्बिक आम्ल घटत जाते.

३. तांब्याची व लोखंडाची पात्रे टाळावीत. तांब्याच्या अंशाने ॲस्कॉर्बिक आम्लाचा नाश त्वरेने होतो. दगडी खल किंवा स्टेनलेस स्टीलचे पात्र योग्य.

४. एक भावना पूर्ण सुकल्याशिवाय दुसरी देऊ नये. अन्यथा बुरशी येते. एकवीस शक्य नसल्यास सात भावना द्याव्यात व भावनांची संख्या डब्यावर नमूद करावी.

५. मधुमेही रुग्णांस मोरावळा वा आवळा कँडी औषध म्हणून सुचवू नये. त्यातील शर्करेचा विचार प्रथम करावा. मधुमेहाची आधुनिक औषधे चालू असताना आमलकी द्यावयाची झाल्यास रक्तशर्करेवर लक्ष ठेवावे.

उपसंहार

आमलकीचे रासायनिक विश्लेषण आपल्याला उपयोगी आहे, कारण ते फळाचा काल, पात्र, संस्कार व मात्रा यांविषयी आपल्याला अधिक दक्ष करते. रसायनाचे फल मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. त्याच रसायनाध्यायात चरकाचार्यांनी आचार रसायनही सांगितले आहे आणि शोधनाशिवाय रसायन देणे म्हणजे मळक्या वस्त्राला रंग देणे, हा दृष्टान्त आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेला आहे.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले की आवळा चालू ठेवा, पण त्याच्या भरवशावर विडी ओढू नका. त्यांना छातीच्या क्ष-किरण तपासणीसाठी पाठविले आणि व्यसनमुक्तीसाठी दर आठवड्यास बोलाविले. रस घेण्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नव्हते. 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगितला नव्हता, आणि ते काम आपले आहे.