देहाच्या खुणा : सगळी नखं की एकच?

लेखांक ६

डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या काळात बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात अनेकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांतच टक्कल पडायचं. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला, कुणी बुरशीला. एप्रिलमध्ये त्याच भागातल्या काही गावांत नखं खराब होऊन गळायला लागली. विंचूदंशावरच्या कामासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून सेलेनियमकडे बोट दाखवलं. या मूलद्रव्याची शरीराला गरज असते, पण अगदी कणभर. प्रमाण वाढलं की केस आणि नखं आधी खराब होतात, कारण दोन्ही केराटिन नावाच्या गंधकयुक्त प्रथिनाची बनलेली असतात आणि सेलेनियम त्या गंधकाची जागा बळकावतं. एकाच गावातल्या अनेकांची नखं गळतात, तेव्हा नखाला मलम लावून भागत नाही. शोध थेट ताटापर्यंत न्यावा लागतो.

गेल्या आठवड्यात आपण जीभ पाहिली. जीभ आजचं सांगते, नख मात्र मागच्या काही महिन्यांचं. नखाचा दिसणारा भाग निर्जीव असतो. ते घडतं कातडीखाली, नखमुळाशी. तिथून हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकतं, म्हणजे पूर्ण नवं यायला सहाएक महिने लागतात. पायाचं नख याच्या निम्म्या वेगानं वाढतं. अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. विल्यम बीन या अमेरिकी डॉक्टरांनी १९४१ पासून पस्तीस वर्षं स्वतःच्या अंगठ्याच्या नखाची वाढ मोजली. बत्तिसाव्या वर्षी ते रोज ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. वय वाढलं तशी नखाची चालही मंदावली.

या चालीवरून तारीख काढता येते. मोठा ताप, टायफॉइड, डेंग्यू किंवा शस्त्रक्रिया झाली की नखमुळाचं काम काही दिवस थंडावतं आणि नखावर आडवी खाच उमटते. फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती ‘बो रेषा’. भाद्रपदात तापानं आडवं पडलेल्या माणसाच्या नखावर दिवाळीच्या सुमारास ही खाच मध्याकडे सरकलेली दिसते. तिला औषध लागत नाही. नख वाढेल तशी ती पुढे जाऊन कापली जाते.

पण अशी खाच एकाच बोटावर असेल तर? मग तापाचा संबंध नाही. ते बोट कधीतरी दारात चेंगरलेलं असतं. म्हणून नखात काहीही वेगळं दिसलं की पहिला प्रश्न हा : बदल सगळ्या नखांत आहे की एकाच? सगळ्या किंवा बहुतेक नखांत असेल तर शरीराच्या आत पाहायचं. एखाद्याच नखात असेल तर त्या बोटाकडे पाहायचं.

सगळ्या नखांतली आपल्याकडची नेहमीची गोष्ट म्हणजे फिकेपणा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता लांबली की नखं पातळ होतात, सपाट पडतात आणि शेवटी मध्ये खोलगट होतात. त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो ओघळत नाही. नखाला ही अवस्था येईपर्यंत थांबायचं कारण नाही. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. तान्ह्या बाळाची नखं मात्र अशी असली तर घाबरू नये, ती बहुधा आपोआप सुधारतात.

दुसरी खूण बोटांची टोकं फुगून नखं गोलाकार वळण्याची. हिप्पोक्रेटसच्या काळापासून वैद्यांना ती माहीत आहे. फुप्फुसाचे जुनाट आजार, फुप्फुसाचा कर्करोग, जन्मजात हृदयदोष यांत ती दिसते. काही घराण्यांत ती उपजतही असते. घरी पाहायची सोपी रीत दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी १९७६ मध्ये सांगितली. दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून उलटी जोडायची. मुळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसली तर ठीक. फट बुजलेली असेल आणि पूर्वी तसं नसेल, तर छाती तपासून घ्यावी.

यकृताच्या सिरॉसिसमध्ये नख जवळजवळ पूर्ण पांढरं पडतं आणि टोकाशी फक्त गुलाबी पट्टी उरते. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात कधी मुळाकडचा अर्धा भाग पांढरा आणि पुढचा तपकिरी दिसतो. टाचणीनं टोचल्यासारखे खळगे अनेक नखांवर असले तर सोरायसिसची शंका घेतात. नखांवरचे तुरळक पांढरे ठिपके मात्र कॅल्शियम कमी झाल्याचे नव्हेत. नखमुळाला लागलेल्या बारीकसारीक माराच्या त्या खुणा, वाढीबरोबर निघून जातात.

आता एकट्या नखाकडे. पायाच्या अंगठ्याचं नख जाड, पिवळट, भुसभुशीत झालं की सगळे बुरशी म्हणतात. पण तसंच दिसणारं नख घट्ट बुटानं किंवा सोरायसिसनंही होतं. बुरशीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, म्हणून आधी नखाचा तुकडा तपासून घेतलेला बरा. मधुमेह असलेल्यांनी पायाची नखं सरळ रेषेत कापावीत. कोपरे खोल कोरले की नख मांसात घुसतं, आणि बधिर पायाला जखम कळतही नाही.

मार लागून काळं पडलेलं नख वाढीबरोबर पुढे सरकतं. सावळ्या कातडीच्या माणसांच्या अनेक नखांवर उभ्या तपकिरी रेघा असणंही नेहमीचं. पण एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, नवी काळी उभी रेघ आली, ती रुंदावत गेली, रंग शेजारच्या कातडीवर उतरला, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जावं. तो मेलानोमा हा कर्करोग असू शकतो. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या बोटावर तो १९७७ मध्ये सापडला. १९८१ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले.

दुसरा प्रश्न : हे हात काम काय करतात? आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादची ओळख लाल मिरची. तिचे देठ खुडणाऱ्या, ती निवडणाऱ्या बायकांच्या नखांच्या कडांची आग होते, कारण तिखटपणा देणारं कॅप्सेसिन नखाखाली आणि कातडीच्या भेगांत शिरतं. ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून आधी हाताला खाण्याचं तेल चोळून पुसावं, मग साबणानं धुवावं. धुणीभांडी करणाऱ्यांचे हात सतत ओले राहतात, नखाची कड सुजते, वारंवार नखुरडं होतं. तिथे रक्ताच्या तपासण्यांपेक्षा हातमोजे आणि कोरडे हात जास्त उपयोगी. हळद आणि मेंदीनंही नखं पिवळी-तांबडी होतात. डॉक्टरांना कामाचं सांगितलं नाही तर त्यांचा तर्क भलतीकडे जाऊ शकतो.

नखावरून निदान ठरत नाही. कुठली तपासणी करायची, एवढं सुचतं. तेव्हा या आठवड्यात नेलपॉलिश काढून, दिवसाच्या उजेडात वीसही नखं पाहा. काही वेगळं दिसलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि महिन्यानं पुन्हा काढा. खूण पुढे सरकली असेल तर ती बहुधा जुन्या घटनेची. जागची हलली नसेल किंवा वाढली असेल, तर दोन्ही फोटो डॉक्टरांना दाखवा.

(पुढील लेखांकात : पायावरची सूज)