मालमोटारींचे अपघात व नुकसानभरपाई : कायद्यातील तीन शब्दप्रयोगांचा विचार

कायद्याच्या कलमांत येणारे शब्द पुष्कळदा नित्याच्या व्यवहारातलेच असतात. परंतु व्यवहारात ज्या शब्दाची सीमारेषा संदिग्ध राहिली तरी कोणाचे अडत नाही, त्याच शब्दाची सीमा न्यायालयात निश्चित करावी लागते. ती कोठे आखली जाते यावर एखाद्या कुटुंबास भरपाई मिळणे वा न मिळणे अवलंबून राहते. मालवाहू वाहनांच्या अपघातांतून निर्माण होणारे दावे हे याचे ठळक उदाहरण होय. या दाव्यांचे नियमन आज मोटार वाहन कायदा, १९८८ या अधिनियमाने होते. त्यातील तीन शब्दप्रयोगांचा, आणि त्या अनुषंगाने दाव्याच्या मार्गाचा, विचार येथे करावयाचा आहे.

१. ‘वापरातून उद्भवणारा’

२९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगलोर महामार्गावर, सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ, पेट्रोल वाहून नेणारा एक टँकर व समोरून येणारी एक मालमोटार यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याबाहेर जाऊन कलंडला आणि त्यातील पेट्रोल गळून जवळपास साचू लागले. उजाडल्यावर तेथे माणसे जमली. टकरीनंतर सुमारे चार तासांनी, सकाळी सव्वासातच्या सुमारास, टँकरचा स्फोट होऊन आग भडकली. जमलेल्यांपैकी अनेकजण भाजले व काही मृत्यू पावले.

मृतांपैकी एकाच्या वारसांनी मागितलेली रक्कम मोठी नव्हती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९८२ साली घातलेल्या ९२-अ या कलमान्वये, कोणाचाही दोष सिद्ध न करता, मृत्यूबद्दल पंधरा हजार रुपये मिळण्याची सोय होती. मात्र अपघात हा ‘मोटार वाहनाच्या वापरातून उद्भवलेला’ असला पाहिजे, अशी अट होती. न्यायाधिकरणाने दावा अमान्य केला. टँकर चार तास निश्चल पडून होता. मग त्याचा ‘वापर’ कोठे चालू होता? आणि टक्कर ही एक घटना, स्फोट ही दुसरी; मग दुसरी पहिलीतून ‘उद्भवली’ असे कसे म्हणावयाचे? मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निष्कर्ष कायम केला.

सर्वोच्च न्यायालयाचे विवेचन भाषेच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. ‘वापर’ म्हणजे केवळ ‘चालविणे’ नव्हे. वाहन बिघाडामुळे वा अपघातामुळे जागीच थांबले असतानाही त्याचा वापर चालू असू शकतो, हा त्यातील पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. मूळ इंग्रजी कायद्यात ‘कॉज्ड बाय’ आणि ‘अरायझिंग आउट ऑफ’ असे दोन भिन्न प्रयोग आढळतात. ऑस्ट्रेलियातील एका निर्णयाचा आधार घेऊन न्यायालयाने दुसऱ्या प्रयोगाची व्याप्ती पहिल्याहून अधिक असल्याचे मानले. कार्यकारणसंबंध दोहोंतही हवाच. परंतु दुसऱ्या प्रयोगात तो साक्षात् व निकटचा असलाच पाहिजे असे नाही.

मराठीत हा भेद सहज स्पष्ट करता येतो. ‘टकरीमुळे मृत्यू झाला’ या वाक्यातील ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय कारणाकडे थेट बोट दाखविते. ‘टकरीतून पुढचा अनर्थ उद्भवला’ या वाक्यातील पंचमीचा ‘ऊन’ हा प्रत्यय मात्र केवळ उगमस्थान सांगतो. नदी डोंगरातून उगम पावते, म्हणजे तिच्या प्रवाहाचा प्रत्येक टप्पा डोंगरानेच घडविला असे नव्हे. कवठ्याच्या घटनेत टक्कर, कलंडणे, गळती व स्फोट यांची साखळी अखंड होती, आणि टँकरमध्ये ज्वालाग्राही पदार्थ होता. म्हणून स्फोट हा वापरातून उद्भवलेला अपघात ठरला. हाच शब्दप्रयोग १९८८ च्या कायद्यातही कायम आहे.

२. ‘कोणतीही व्यक्ती’

मालमोटारीच्या अपघातात चालक पुष्कळदा निर्धन असतो आणि मालकाची ऐपत अनिश्चित असते. प्रत्यक्षात रक्कम हाती पडते ती विमा कंपनीकडून. त्यामुळे विम्याच्या वर्तुळात कोण येतो, हा प्रश्न निर्णायक ठरतो. रस्त्यावरील पादचारी वा दुसऱ्या वाहनातील प्रवासी हे त्यात येतात, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो मालमोटारीतच बसलेल्यांविषयी : भाजीपाल्याच्या पोत्यांसोबत बाजारपेठेकडे निघालेला शेतकरी, वाटेत हात दाखवून चढलेला वाटसरू, टेंपोत भरून निघालेले लग्नाचे वऱ्हाड.

१९८८ च्या कायद्याच्या १४७ व्या कलमात ‘कोणतीही व्यक्ती’ असा प्रयोग होता. १९९४ च्या दुरुस्तीने त्याला ‘वाहनातून नेल्या जाणाऱ्या मालाचा मालक वा त्याचा अधिकृत प्रतिनिधी धरून’ अशी पुस्ती जोडण्यात आली. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘कोणतीही’ या विशेषणाचा शब्दशः अर्थ घेऊन, मालमोटारीतील फुकट प्रवाशासही विम्याचे संरक्षण आहे असे ठरविले. २००२ साली त्याहून मोठ्या पीठाने हा निर्णय रद्द केला. त्यातील एक युक्तिवाद अर्थविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत मालाचा मालक आधीच समाविष्ट असता, तर त्याला ‘धरून’ असे मुद्दाम सांगण्याचे प्रयोजन विधिमंडळास उरले नसते. अर्थात समावेशाचा उच्चार झाला, यावरूनच पूर्वीच्या अभावाचे अनुमान निघते.

१९९४ नंतरच्या अपघातांतही फुकट प्रवासी वर्तुळाबाहेरच राहतो, हे २००४ साली स्पष्ट झाले. मात्र त्या प्रकरणापुरती, विमा कंपनीने रक्कम आधी द्यावी व मागाहून मालकाकडून वसूल करावी, अशी वाट न्यायालयाने काढली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने कलमाची फेररचना होऊन ‘मालवाहू वाहनातील फुकट प्रवासी वगळून’ असे शब्द कायद्यातच आले. तात्पर्य, पोत्याशेजारी बसलेल्या दोघांपैकी पोते ज्याचे आहे त्याच्या कुटुंबास विमा कंपनीकडून भरपाई मिळू शकते. दुसऱ्याच्या कुटुंबास मुख्यतः वाहनमालकाच्या ऐपतीवर विसंबावे लागते. म्हणून मालाची पावती, वजनाची चिठ्ठी, बाजार समितीतील नोंद हे कागद जपून ठेवणे अगत्याचे असते. ‘मालाचा मालक’ हे शब्द सिद्ध करण्याचे तेच साधन होय.

३. ‘न्याय्य’ भरपाई

१६८ व्या कलमान्वये न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई द्यावयाची असते. या विशेषणात निश्चितता कोठून आणावयाची? सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ च्या निर्णयांनी त्यास गणिताची चौकट दिली. उदाहरणार्थ, दरमहा दहा हजार रुपये मिळविणारा, स्वतंत्र व्यवसाय करणारा, अडतीस वर्षांचा विवाहित पुरुष मृत्यू पावला व मागे चार अवलंबित राहिले असे समजू. भावी उत्पन्नवाढीचे चाळीस टक्के मिळवून मासिक उत्पन्न १४,००० होते. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करून १०,५०० उरतात. वर्षाचे १,२६,००० झाले. त्यास या वयाचा गुणक १५ लावला म्हणजे १८,९०,००० रुपये येतात. याशिवाय अंत्यविधी, मिळकतीची हानी व सहवासाची हानी यांसाठी ठराविक रकमा मिळतात. उत्पन्नाचा पुरावा किती मोलाचा, हे यावरून ध्यानात यावे : महिन्याकाठी एक हजाराचा फरक शेवटी १,८९,००० रुपयांचा होतो.

४. दाव्याचा मार्ग

१६६ व्या कलमाखालील दावा जखमी व्यक्ती वा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दाखल करू शकतात. मालमोटार परप्रांतीची असली तरी तेथवर जावे लागत नाही. अपघात जेथे झाला, अर्जदार जेथे राहतो वा व्यवसाय करतो, अथवा प्रतिवादी जेथे राहतो, अशा कोणत्याही ठिकाणचे न्यायाधिकरण निवडता येते. या कलमाखाली चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. परंतु फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय सिद्धता लागत नाही, संभाव्यतेचे पारडे जड असले म्हणजे पुरते. फिर्याद, पंचनामा व शवचिकित्सेचा अहवाल हे येथील नेहमीचे पुरावे.

१६४ व्या कलमाखाली मात्र दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळतात. येथे ‘स्वीकार’ या शब्दाकडे लक्ष दिले पाहिजे. विमा कंपनीने विहित पद्धतीने देऊ केलेली ही रक्कम एकदा स्वीकारली की १६६ खालील दावा संपुष्टात येतो. वरील उदाहरणातील कुटुंबाने शोकाच्या भरात अशी सही केली, तर त्यास अठरा लाखांऐवजी पाच लाखांवर समाधान मानावे लागेल.

मुदतीचा इतिहासही चढउतारांचा आहे. १९८८ च्या कायद्यातील सहा महिन्यांची मर्यादा १९९४ साली काढून टाकण्यात आली. १ एप्रिल २०२२ पासून ती पुन्हा लागू झाली. तिच्या वैधतेस आव्हान मिळाले असून, त्याचा निकाल लागेपर्यंत केवळ मुदत टळली या कारणाने दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तथापि अंतरिम आदेशावर विसंबून विलंब करणे शहाणपणाचे ठरणार नाही.

कवठ्याच्या प्रकरणात पंधरा हजार रुपयांसाठी एका कुटुंबास सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आणि त्या खटल्याचा सगळा भार दोन शब्दांवर होता. कायद्याचे मराठी भाषांतर करणारा, पंचनाम्याची भाषा घडविणारा व अर्जदाराचे म्हणणे लिहून घेणारा, या तिघांनीही ‘मुळे’ व ‘तून’ यांतील अंतर ओळखले पाहिजे. अर्थविचार हे शास्त्र केवळ ग्रंथालयापुरते नाही, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.