कुंडीतील अरोकेरिया : ऱ्हासाची कारणे आणि पुनरुज्जीवनाची पद्धती
(ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील सदनिका, कार्यालये व महाविद्यालयीन दालनांत कुंडीतील अरोकेरिया आढळतो. रोपवाटिकांत तो 'ख्रिसमस ट्री' म्हणून विकला जातो. वास्तविक तो पाइनही नव्हे आणि फरही नव्हे; अरोकेरिएसी या प्राचीन कुळातील तो सदाहरित सूचिपर्णी वृक्ष आहे. नाताळात आणलेले हे झाड पुढील पावसाळ्यापर्यंत खालून सुकू लागते, असा अनेकांचा अनुभव असतो. या झाडाची खालची फांदी एकदा गळाली की त्या जागी नवी फुटत नाही. म्हणूनच वेळीच निदान होणे अत्यावश्यक ठरते. प्रस्तुत लेखात ऱ्हासाची कारणे व उपाय यांचे विवेचन केले आहे.

मूलस्थान :
अरोकेरिया हेटरोफायला ही जाती प्रशांत महासागरातील नॉरफोक बेटावरील आहे. १७७४ मध्ये कॅप्टन जेम्स कुक या बेटावर पोहोचला, तेव्हा जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी हे उंच वृक्ष त्याला उपयुक्त वाटले. तेथे समुद्राची दमट हवा, विपुल प्रकाश आणि पाण्याचा उत्तम निचरा उपलब्ध असतो. यावरून असे दिसते की, आपल्याकडील दमटपणा या झाडाचा शत्रू नाही. अडचण घरातील प्रकाशाची आणि कुंडीतील मातीची आहे.

ऱ्हासाची कारणे :
१) अपुरा प्रकाश : खिडकीपासून दूर जाताच प्रकाश झपाट्याने घटतो, मात्र आपले डोळे जुळवून घेत असल्याने ते जाणवत नाही. जून ते सप्टेंबर या ढगाळ काळात ही उणीव वाढते. अशा वेळी झाड खालच्या फांद्या सोडून देते.
२) अतिरिक्त पाणी : कुंडीतील लाल माती कालांतराने घट्ट होते. पावसाळ्यात बाष्पीभवन मंदावते, तरी रोज पाणी घालणे सुरूच राहते. परिणामी मुळांना प्राणवायू मिळत नाही व ती कुजतात.
३) पाण्याचा अभाव : मे महिन्याच्या सुट्टीत बंद दालनांतील झाडे पूर्ण कोरडी पडतात. कोरड्या हवेत लाल कोळी या किडीचाही उपद्रव होतो.

निदान :
कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. त्यामुळे अतिपाण्यानेही झाड तहानलेले दिसते. केवळ फांद्या झुकल्या म्हणून पाणी घालू नये. प्रथम बोट दोन इंच खोल घालून ओलावा पाहावा. नंतर खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास तो भाग जिवंत आहे असे समजावे.

पुनरुज्जीवनाची पद्धती :
माती ओली असून कुबट वास येत असेल, तर मुळांचा गोळा अलगद बाहेर काढावा. निरोगी मुळे टणक, तर कुजलेली मुळे काळपट व लिबलिबीत असतात. कुजका भागच स्वच्छ कात्रीने कापावा. उर्वरित मुळे फारशी हलवू नयेत. तळाला छिद्र असलेल्या, मुळांच्या आकाराच्याच कुंडीत माती, जाडी वाळू व कोकोपीट समप्रमाणात भरून झाड लावावे. मोठी कुंडी निवडल्यास मातीत ओल साठून राहते. माती कोरडी पडली असेल, तर पाणी सावकाश द्यावे व ताटलीत साचलेले ओतून टाकावे.
त्यानंतर कुंडी पूर्वेकडील खिडकीजवळ, दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने न्यावी. एकदम कडक उन्हात ठेवल्यास पाने भाजतात. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवावी. नवी वाढ दिसेपर्यंत खत देऊ नये. पूर्ण वाळलेल्या फांद्या काढाव्यात. परंतु शेंडा कधीही छाटू नये, कारण त्यामुळे झाडाचा सरळ, सममित आकार नष्ट होतो. लाल कोळी असल्यास पाने पाण्याने धुवावीत.

समारोप :
सारांश, प्रकाश, निचरा आणि संयम या तीन बाबींवर अरोकेरियाचे पुनरुज्जीवन अवलंबून आहे. उपायांनंतर गेलेल्या फांद्या परत येत नाहीत. शेंड्याला फुटणारी कोवळी, फिकट हिरवी पालवी हीच यशाची खूण मानावी. महाविद्यालयांनी सुट्टीपूर्वी अशा कुंड्या प्रकाशाच्या जागी एकत्र ठेवून पाण्याची जबाबदारी निश्चित केली, तर बरीच झाडे मुळातच वाचू शकतील.