हास्केलमध्ये लिहिली म्हणून साखळी अभेद्य होत नाही

हास्केल या फंक्शनल प्रोग्रामिंग भाषेत छोटी ब्लॉकचेन बनवणारी मुलं एक वाक्य हमखास ऐकवतात: ‘हास्केलमध्ये एकदा दिलेली किंमत बदलत नाही, म्हणून आमच्या साखळीत कुणाला फेरफार करता येत नाही.’ प्रोजेक्टच्या अहवालात ते ठळक अक्षरांत असतं आणि मार्गदर्शकही त्यावर मान डोलावतात. याचा मला खरोखर राग येतो, कारण ही सरळसरळ गल्लत आहे.

हास्केलमध्ये यादीतला ब्लॉक जागच्या जागी बदलता येत नाही, हे खरं. बदल हवा असेल तर नवी यादी तयार होते. त्यामुळे प्रोग्रामरच्या चुका कमी होतात. पण लबाडी करणाऱ्याला जुनी यादी बदलायचीच नसते, तो नवी बनवतो. दुकानदाराने खाडाखोड न करता अख्खी नवी वही लिहून पुढे केली, तर जुनी वही जशीच्या तशी राहिल्याचा काय उपयोग?

करूनच बघा. पाच ब्लॉकची साखळी घ्या. प्रत्येकात व्यवहार, मागच्या ब्लॉकचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) आणि नॉन्स. एसएचए-२५६ चा हॅश हेक्साडेसिमलमध्ये चार शून्यांनी सुरू झाला पाहिजे, ही अट. शून्यापासूनच्या अनंत यादीतून अट पाळणारा पहिला आकडा नॉन्स म्हणून उचलायचा. हास्केल लागेल तेवढीच यादी मोजतं, म्हणून हे एका ओळीत होतं आणि फार देखणं दिसतं. आता दुसऱ्या ब्लॉकमधले ५० रुपये ५०० करा. तपासणीचं फंक्शन लगेच ‘फॉल्स’ म्हणतं. बहुतेक जण इथेच खूश होऊन थांबतात. थांबू नका. दुसऱ्यापासून पाचव्या ब्लॉकपर्यंत नॉन्स पुन्हा शोधा. एका ब्लॉकला सरासरी ६५,५३६ प्रयत्न, म्हणजे चार ब्लॉकना अडीच लाखांच्या आसपास. लॅपटॉपला हे किरकोळ काम आहे. तपासणी पुन्हा ‘ट्रू’!

मग राखण कोण करतं? साखळीची प्रत दुसऱ्याकडे असणं, आणि ती नव्याने रचण्याचा खर्च. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी दस्तऐवजांवर वेळेचा शिक्का मारण्याची पद्धत १९९१ मध्ये मांडली. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याला त्या नोंदींचा एक हॅश ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापला. छापून घरोघरी गेलेला अंक कोण परत गोळा करणार? बिटकॉइनच्या २००८ च्या मूळ निबंधात या दोघांच्या कामाचे संदर्भ आहेत. आणि खर्च कमी पडला की काय होतं, ते इथेरियम क्लासिक या ब्लॉकचेनने २०१९ आणि २०२० मध्ये भोगलं: निम्म्याहून जास्त गणनशक्ती हाती आलेल्यांनी तिथला इतिहास नव्याने लिहिला.

‘कंपाइल झालं म्हणजे बरोबर’ हाही भ्रमच. ऑगस्ट २०१० मध्ये बिटकॉइनमध्ये एक बेरीज ६४ बिटांत मावली नाही, ती ऋण झाली आणि तपासणीतून सुटली. एकूण मर्यादा २ कोटी १० लाखांची असताना १८,४०० कोटींहून अधिक नाणी जन्मली. तो कोड सी-प्लस-प्लसमधला होता खरा, पण हास्केलचा ‘इंट’ हा संख्याप्रकारही असाच गुपचूप उलटतो. रकमेसाठी आकाराची मर्यादा नसलेला ‘इंटीजर’ वापरा, आणि ऋण रकमेची तपासणी तरीही स्वतः लिहा.

आणखी दोन गैरसमज खोडायला हवेत. हॅश म्हणजे कूटलेखन नव्हे. त्यातून मूळ मजकूर उलगडता येत नाही. आणि फंक्शनल भाषा फक्त वर्गात शिकवण्यापुरत्या नाहीत: कार्डानोचा नोड हास्केलमध्ये आहे, तेझोसचा मुख्यतः ओकॅमलमध्ये.

अशी साखळी जरूर बनवा, शिकण्यासाठी ती उत्तम आहे. फक्त अहवालात ‘अपरिवर्तनीय’ लिहिण्याआधी ते ५० चे ५०० करून बघा, आणि तुमच्या शेवटच्या ब्लॉकचा हॅश तुमच्या यंत्राबाहेर कुणाकडे आहे, ते त्याच पानावर लिहा.