ठिणगी कुठे अडली? मॉडेल टीच्या इग्निशनचे गैरसमज

जुन्या मोटारींचा विषय निघाला की एक मिस्त्री हटकून येतो. बॉनेटजवळ कान नेतो, मान हलवतो आणि बिघाड सांगून मोकळा होतो. असे मिस्त्री होतेच. पण डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यातून १९१४ मध्ये दोन लाखांहून जास्त मॉडेल टी बाहेर पडल्या. एवढ्या गाड्यांना पुरतील इतके कान आणायचे कुठून?

गैरसमज: प्रत्येक गाडीचं इंजिन आधी वेगळं चालवून, आवाज ऐकून पास करत.

त्या सुमारास हायलंड पार्कला इंजिन विजेच्या मोटरने फिरवून बेअरिंगं बसवून घेत. स्वतःच्या ठिणगीवर ते पहिल्यांदा धडधडायचं ते थेट जोडणीच्या ओळीच्या शेवटी. तिथे मागची चाकं फिरत्या रोलरांवर उतरत, रोलर चाकं फिरवीत आणि चाकांमुळे इंजिन फिरे. हँडल मारायची गरजच नव्हती. इथवर आलेल्या गाडीत ठिणगीचा घोळ शोधत बसलं तर मागची रांग खोळंबणार, म्हणून भाग गाडीत बसण्याआधीच तपासलेला बरा. फोर्डने सरकत्या जोडणीचा पहिला प्रयोगही १ एप्रिल १९१३ रोजी ठिणगीसाठी वीज देणाऱ्या फ्लायव्हील मॅग्नेटोवरच केला, हे मला बोलकं वाटतं. आधी एक माणूस एका मॅग्नेटोला २० मिनिटं घेई. काम २९ जणांत वाटल्यावर ते १३ मिनिटं १० सेकंदांवर आलं.

गैरसमज: कॉइल गुणगुणतेय, म्हणजे ती ठीक आहे.

मॉडेल टीत चार सिलिंडरांना चार स्वतंत्र कॉइल. लाकडी डबीत प्रायमरी आणि सेकंडरी वेटोळी, कंडेन्सर आणि वर थरथरणारी पट्टी. कोणत्या सिलिंडरची पाळी ते ठरवणाऱ्या टायमरने संपर्क दिला की पट्टी थरथरते, गुणगुण ऐकू येते. पण त्या आवाजावरून पट्टी हलतेय एवढंच कळतं. पहिली ठिणगी नेमकी कधी पडली ते कळत नाही. पट्टीचा ताण जास्त असेल तर पॉइंट उघडायला जास्त प्रवाह लागतो आणि ठिणगी उशिरा पडते. चार कॉइल चार तऱ्हांनी लावलेल्या असतील तर चारही सिलिंडर पेटतात, गाडी चालते, पण दम नसतो. मालक मात्र कार्ब्युरेटरला शिव्या घालतो.

म्हणून कॉइल आवाजावर नव्हे, आकड्यावर लावायची असते: साधारण १.३ अँपिअर. त्यासाठीच्या हातयंत्रात मॅग्नेटोच असे. हँडलच्या एका फेऱ्यात गोल कड्यावर सोळा ठिणग्या दिसत. सोळा ठिकाणी एकेकच पडली तर कॉइल पास. एखाद्या जागी दोन पडल्या किंवा जागा रिकामी गेली, की पॉइंट आणि कंडेन्सर बघायचे.

गैरसमज: प्लग बाहेर काढून ठिणगी दिसली, म्हणजे प्लग चांगला.

मोकळ्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते आणि तेच अंतर ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. तडा गेलेला प्लग बाहेर झकास दिसतो, आत मिस मारतो.

गैरसमज: गाडी मिस मारतेय? आधी प्लग बदला.

आधी सिलिंडर शोधा. फोर्डच्या पुस्तिकेतली युक्ती साधी होती. इंजिन जरा वेगात ठेवून पहिल्या आणि चौथ्या कॉइलची पट्टी बोटांनी दाबून धरायची. आता फक्त दुसरा आणि तिसरा चालतात. ते नीट चालले तर खोट बाहेरच्या दोघांत. मग चौथा सोडून बाकी तीन दाबायचे. चौथाही नीट चालला, तर दोषी पहिला. त्यानंतर त्याची कॉइल शेजारच्या घरात घाला: मिसिंग तिच्याबरोबर सरकलं तर कॉइल, जागीच राहिलं तर प्लग, वायर किंवा टायमर. कडाक्याच्या थंडीत टायमरवर माझा पहिला संशय. तिथलं तेल घट्ट झालं की रोलर संपर्काला नीट टेकत नाही.

गैरसमज: मॅग्नेटो मंदावला, म्हणजे चुंबक मेले.

बॅटरीवर गाडी चालते आणि मॅग्नेटोवर अडते, तर लोक थेट सोळा चुंबकांवर घसरतात. ते सोडवायचे तर इंजिन खाली काढावं लागतं. आधी ट्रान्समिशनच्या झाकणावरचा संपर्क काढून पुसावा. गिअरच्या पट्ट्यांचं सुती अस्तर झिजतं, त्याचे धागे तेलातून येऊन तिथे अडकतात. चुंबक खरोखर मरतात तेव्हा दोष बहुधा माणसाचा असतो: कुणीतरी बॅटरीची तार मॅग्नेटोच्या टर्मिनलला जोडलेली असते.