विश्लेषण : बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत आशाताई सहा वेळा घरी का येतात?

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबरवा अभयारण्याच्या परिसरात असलेले सोनाळा (ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा) असो की आसपासचे एखादे गाव, बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आशाताई वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन येतात. बाळाला काट्याच्या झोळीत ठेवले जाते आणि आकडा जन्मावेळच्या वजनापेक्षा कमी भरतो. मग घरात चर्चा सुरू होते. आईचे दूध पुरत नाही, वरचे दूध लावा, मध चाटवा, गुटी उगाळा. प्रत्यक्षात त्या आकड्यात बहुतेक वेळा घाबरण्यासारखे काही नसते. घाबरायला हवे अशी लक्षणे वेगळी आहेत आणि ती अनेकदा घरच्यांच्या लक्षात येत नाहीत.

वजन कमी का होते?

जन्मानंतर बाळाच्या शरीरातले जादा पाणी आणि पहिली काळी शी बाहेर पडते. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकते. म्हणजे २ किलो ८०० ग्रॅमचे बाळ अडीच किलोपर्यंत आले, तरी ते आजारी असेलच असे नाही. साधारण १० ते १४ दिवसांत वजन पुन्हा जन्माइतके होते आणि त्यानंतर रोज २० ते ३० ग्रॅम वाढू लागते. आशाताईंची तिसरी फेरी चौदाव्या दिवशी असते. तोपर्यंत वजन मूळ आकड्यावर आलेले नसेल, तर मात्र तपासणी हवी.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये, लघवीवरून ठरवावे. पहिल्या आठवड्यानंतर २४ तासांत सहा किंवा त्याहून अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरते आहे. पहिले दोन-तीन दिवस येणारा घट्ट पिवळसर चीक प्रमाणाने थोडाच असतो, पण बाळाचे पोटही तेवढेच असते. मध, साखरपाणी, गुटी यांची तेव्हाही गरज नसते आणि पुढे सहा महिनेही नसते.

सहा भेटींचे वेळापत्रक आले कुठून?

विदर्भातूनच. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथल्या खेड्यांत तेव्हा बहुतेक प्रसूती घरीच होत आणि आजारी नवजात बाळाला कुटुंबे रुग्णालयात नेत नसत. बाळ दवाखान्यात येत नसेल, तर उपचार घरी न्यायचे, असे या दोघांनी ठरवले. गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण दिले गेले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, अंग गरम ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. ३९ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता.

याच धर्तीवर २०११ मध्ये केंद्राने देशभर गृहाधारित नवजात बालक काळजी कार्यक्रम आणला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची. बाळंतपण घरी झाले असेल, तर पहिल्या दिवसाची आणखी एक. आशा स्वतः इंजेक्शन देत नाहीत. धोका ओळखून वेळेत पुढे पाठवणे हे त्यांचे काम. या सगळ्या फेऱ्यांसाठी योजनेत ठरलेला मोबदला एका बाळामागे २५० रुपये. काम पाहता ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल.

‘शांत’ बाळ केव्हा धोक्याचे?

‘बाळ खूप शांत आहे, रडतच नाही,’ हे कौतुकाने सांगितले जाते. जे बाळ कालपर्यंत जोरात रडत होते, त्याचा आवाज आज क्षीण झाला, नीट ओढणाऱ्या बाळाचे दूध ओढणे मंदावले, हातपाय ढिले पडले, तर ती जंतुसंसर्गाची खूण असू शकते. मोठ्या माणसाला संसर्ग झाला की ताप येतो. नवजात बाळाचे अंग उलट थंडही पडू शकते. त्यामुळे ‘ताप नाही ना, मग ठीक आहे’ हा हिशेब इथे चालत नाही.

श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट. ६० किंवा त्याहून अधिक भरले तर पुन्हा मोजायचे आणि तेवढेच आले तर दवाखाना गाठायचा. छाती आत ओढली जाणे, बेंबीतून पू येणे, पोट फुगणे, झटके येणे ही लक्षणेही थांबण्यासारखी नाहीत. कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर दिसणे सामान्य आहे. पहिल्याच दिवशी दिसली किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर कोवळ्या उन्हात धरत बसू नये.

पोटफुगीवर काही घरांत अजूनही भलतेच उपाय होतात. सोनाळ्याच्या पलीकडे मेळघाटात, चिखलदरा तालुक्यात, फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे ६५ चटके दिल्याचे उघड झाले होते.

पाचवीची भीती अगदीच खोटी नव्हती

पाचव्या रात्री सटवाई नशीब लिहिते, ही समजूत कुठून आली असेल, याचा अंदाज करता येतो. अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यावर होणारा धनुर्वात जन्मानंतर तीन ते चौदा दिवसांत दिसतो. गरोदरपणातली लस आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांमुळे २०१५ मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. नाळ आजही कोरडीच ठेवायची. हळद, तेल, राख काही लावायचे नाही.

माहेरी गेलेल्या बाळाचे काय?

पहिले बाळंतपण माहेरी होते, नोंद मात्र सासरच्या आशाताईंच्या वहीत असते. या घोळात फेऱ्या चुकू शकतात. त्यामुळे बाळंतीण माहेरी पोहोचली की तिथल्या आशाताईंना कळवावे. सोनाळ्यासारख्या टोकाच्या गावातून खामगाव किंवा बुलढाणा गाठण्यात बराच वेळ जातो, म्हणून निर्णयाला उशीर परवडत नाही. आजारी नवजात बाळासाठी १०२ आणि १०८ क्रमांकांच्या रुग्णवाहिका मोफत आहेत आणि सरकारी रुग्णालयातले उपचारही.

सहाव्या भेटीपर्यंत बाळ बदललेले असते. जन्मतः त्याला जेमतेम २० ते ३० सेंटीमीटरवरचे दिसते, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा. महिनाभरात ते पालथे ठेवल्यावर क्षणभर मान उचलू लागते आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान समोरच्याकडे बघून हसते. घरात सव्वा महिना संपून बाळंतीण बाहेर पडू लागलेली असते, आणि दीड महिन्याच्या लसीही याच सुमारास असतात. त्यानंतरची आशाताईंची ठरलेली फेरी तिसऱ्या महिन्यात.