पामला आच्छादन घाला, पण बुंध्याला भिडवू नका

ग्वाल्हेर : महाराज बाड्यालगतच्या गोरखीसारख्या जुन्या वस्तीत अंगण लहान आणि आजूबाजूला फरशी. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, लू चालते आणि सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. अशा वेळी पामभोवतीची माती झाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. कोकणात नारळाच्या आळ्यात सोडणं आणि झावळ्या पसरतात, तीच ही युक्ती.

फायदा काय?
पामची बरीचशी मुळं मातीच्या वरच्या थरात पसरलेली असतात. माती झाकली की ती कमी तापते, ओल टिकते, तण कमी उगवतं. पालापाचोळा कुजला की त्याचंच खत होतं.

कसं घालायचं?
आधी भरपूर पाणी द्या. मग कडुनिंबाचा वाळलेला पाला, गव्हाचा भुसा किंवा पामच्याच सुक्या झावळ्यांचे तुकडे दोन-तीन इंच जाड पसरा. भुसा वाऱ्याने उडतो, म्हणून त्यावर झावळ्या ठेवा. कुंडीत एक इंच थर पुरे. पुढचं पाणी देण्याआधी थराखाली बोट घालून बघा. माती ओली असेल तर थांबा.

चूक इथेच होते
बरेच जण पाल्याचा ढीग थेट बुंध्याला लावतात. आंब्याला, कडुनिंबाला जखम झाली तर सालीखालची वाढती पेशी ती हळूहळू भरून काढतात. पामला तशी सोय नाही. त्याच्या खोडावरची जखम कधीच भरत नाही. ओला ढीग टेकून राहिला की बुरशी आत शिरते, आणि पानं माना टाकेपर्यंत बुंधा आतून कुजलेला असतो. अरेकासारख्या झुबक्यात एखादा कोंब वाचेल, पण एकच खोड असलेला पाम गेला तो गेलाच. म्हणून बुंध्याभोवती चार ते सहा इंच जागा मोकळी ठेवा.

पावसाळ्यात
जूनअखेर पाऊस आला की थर पातळ करा, आळ्यात पाणी साचू देऊ नका. वाळवी दिसली तर पाला बाजूला ओढून जागा वाळू द्या. पावसाळा सरल्यावर थर पुन्हा घाला. जानेवारीच्या थंडीत तो मुळांना ऊब देतो.

पाला जाळण्यापेक्षा मुळाशी गेलेला बरा, फक्त बुंधा उघडा राहिला पाहिजे.